जटायूचा सहावा वाटा

(दिंडीच्या शताब्दी सप्ताहात, काल्याच्या आदल्या रात्री, गागोदे बुद्रुक येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)





आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. शंभर वर्षांत पायवाटांचे रस्ते झाले, रस्त्यांचे महामार्ग झाले. पताका धरणारे हात बदलले. करोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ साली, पायी वारी झाली नाही. तरी घराघरात नेम चालूच राहिला. हे कशाच्या जोरावर झालं? पैशाच्या जोरावर नाही. माझ्या मते ते पहाऱ्याच्या जोरावर झालं. सप्ताह बसला की वीणा सात दिवस खाली ठेवायचा नाही. रात्री दोन वाजता कोणाच्या गळ्यात वीणा असेल, हे आधी वहीत लिहिलेलं असतं. ज्याची पाळी तो झोपेतून उठतो, तोंडावर पाणी मारतो आणि येऊन उभा राहतो. त्याला कोणी बक्षीस देत नाही, कोणी फोटो काढत नाही. ही जी पाळी पाळायची सवय आहे ना, तीच आपली शंभर वर्षांची कमाई आहे. आज मला त्या कमाईतूनच थोडं मागायचं आहे, आणि तेही माझ्यासाठी नाही. ज्यांना वारीला येता येत नाही, ज्यांना अर्ज लिहिता येत नाही, सभेत बोलता येत नाही, अशांसाठी मागायचं आहे.

मी जिल्ह्यातलाच. कीर्तनकार नाही आणि शास्त्रज्ञही नाही. रानात फिरायची आवड आहे आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे, तेवढ्या शिदोरीवर बोलतो.

मागायची गोष्ट निघाली आणि गाव गागोदे असलं की विनोबांची आठवण आल्याशिवाय राहत नाही. ११ सप्टेंबर १८९५ ला विनोबा याच गावात जन्मले. आजोबा शंभूराव यांच्या घरात त्यांचं बालपण गेलं. पुढे ते गांधीजींकडे गेले, १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मला आठवण करून द्यायची आहे ती त्यांच्या मागण्याच्या पद्धतीची. १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूदानाची सुरुवात झाली आणि त्यानंतर तेरा वर्षं हा माणूस देशभर पायी चालला. आपण वारी करतो ती काही आठवड्यांची. त्यांची वारी तेरा वर्षांची! आणि दारात जाऊन ते काय म्हणत? तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. भीक म्हणून नाही, उपकार म्हणून नाही. घरातल्या लेकाचा हक्क म्हणून. त्या एका सहाव्या वाट्याच्या भाषेवर चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन लोकांनी दिली. त्यातली सगळी वाटली गेली नाही, बरीचशी खडकाळ निघाली, हेही खरंच. पण जमिनीसाठी भाऊ भावाच्या जिवावर उठतो अशा देशात लोकांनी आपल्या हाताने जमीन सोडली, ही गोष्ट लहान नाही.

आता मी असं विचारतो, माउली, की आपल्या डोंगरातल्या दरीला आपण सहावा लेक मानला, तर तिचा वाटा किती?

दरी म्हणजे नुसता खड्डा नव्हे. आपला सह्याद्री काळ्या कातळाचा. हजारो पावसाळे पाणी वरून कोसळतं आणि कातळात घळ कापत जातं. अशा घळीत ऊन थोडं पोचतं, ओल जास्त दिवस टिकते. वरचा माळ मार्चमध्ये करपून जातो, तेव्हा खाली कोंडीत पाणी असतं, झाडांना पानं असतात. भेकर, साळिंदर, उदमांजर, रानकोंबडी, सगळी उन्हाळ्यात तिथे उतरतात. वरच्या उभ्या कड्यावर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात, तर खालच्या जुन्या उंच झाडाच्या ढोलीत धनेश. या धनेशाची मादी स्वतःला ढोलीत कोंडून घेते, चोच जाईल एवढी फट ठेवून ढोलीचं तोंड लिंपून टाकते, आणि नर तिला आणि पिल्लांना बाहेरून फळं भरवत राहतो. तो नर मेला, की आत कोंडलेल्या पोटांचा घास तुटला. ते जुनं झाड तोडलं, तर पुढची शंभर वर्षं तशी ढोली मिळत नाही. शंभर वर्षं म्हणजे किती, ते आज या मंडपात कोणाला सांगायला नको.

आणि ही जागा आपल्या संतांना परकी नव्हती. तुकोबाराय भामचंद्राच्या नि भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत. समर्थांनी आपल्याच जिल्ह्यात, महाड तालुक्यात, शिवथरघळ निवडली. गावात जागा नव्हती म्हणून ते रानात गेले नाहीत. रानात जी शांतता आहे ती माणसाने केलेली नाही, म्हणून गेले. आपण मात्र त्या संतांची देवळं बांधतो आणि ते ज्या रानात बसले त्या रानाला काडी लावतो. हे जरा तपासून बघायला हवं.

आता एका पक्ष्याची गोष्ट सांगतो. पुराणातली आणि आजची, दोन्ही.

पुराणातली सगळ्यांना पाठ आहे. रावण सीतामाईला घेऊन निघाला, तेव्हा आडवा कोण आला? मोठमोठे वीर होते, पण आडवा आला तो एक म्हातारा गिधाड. जटायू. पंख छाटले गेले, पण रामरायाला बातमी सांगेपर्यंत त्याने प्राण धरून ठेवला. आणि रामरायाने काय केलं? वडिलांचा करावा तसा त्याचा अंत्यसंस्कार केला. नाशिक जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यात सर्वतीर्थ टाकेद आहे, तिथेच हे घडलं असं लोक मानतात आणि आजही तिथे दर्शनाला जातात. नाथमहाराजांच्या भावार्थ रामायणामुळे ही कथा महाराष्ट्रात घरोघरी पोचली. म्हणजे ज्या पक्ष्याला आपण अमंगळ म्हणतो, ज्याच्या नावाने शिवी देतो, त्याला देवाने बापाचा मान दिला.

आता आजची गोष्ट. पन्नाशी ओलांडलेल्यांनी आठवून पाहावं. गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की आभाळात घिरट्या सुरू व्हायच्या आणि बघता बघता हाडं तेवढी उरायची. दुर्गंधी नाही, रोगराई नाही. मग १९९० नंतर ही गिधाडं दिसेनाशी झाली. भरतपूरच्या अभयारण्यात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांच्या हे आधी लक्षात आलं. गिधाडं माना खाली टाकून झाडावर बसत आणि मरून पडत. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत हजारात नऊशे नव्व्याण्णव गेली. हजार घरांच्या गावात एक घर उरलं, असं समजा.

कारण काय? कोणी शिकार केली नव्हती. कारण होतं गोठ्यात. बैल लंगडला, गाईच्या सडाला सूज आली, की डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन द्यायचं. औषध स्वस्त, गुण लगेच. पण ते जनावर दोनतीन दिवसांत मेलं तर औषध मांसात राहतं. गिधाडाने ते खाल्लं की त्याचे मूत्रपिंड बंद पडतात आणि थोड्या दिवसांत ते मरतं. एका ढोरावर पन्नास-पन्नास गिधाडं जेवायला बसतात, त्यामुळे शंभरात एखादं ढोर जरी औषधाचं असलं तरी सगळा थवा संपायला ते पुरे होतं. हे २००४ साली शास्त्रज्ञांनी जगापुढे मांडलं आणि २००६ साली भारत सरकारने जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. पुढे २०२३ मध्ये ॲसेक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन या दोन औषधांवरही बंदी आली. मेलोक्झिकॅम नावाचं औषध गिधाडांना चालतं, हे तपासून झालं आहे.

तुम्ही म्हणाल, एक पक्षी गेला, आपलं काय बिघडलं? बिघडलं ते असं. मांस पडून राहिलं. त्यावर कुत्री वाढली. कुत्र्यांबरोबर पिसाळी वाढली. पाण्यात घाण उतरली. दोन अर्थशास्त्रज्ञांनी याचा हिशोब मांडला. गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात आपल्या देशात सुमारे पाच लाख माणसं जास्तीची दगावली असावीत, असा त्यांचा अंदाज आहे. जटायू सीतामाईसाठी आडवा आला होता. हा आजचा जटायू रोज आपल्या आणि रोगराईच्या मध्ये उभा होता आणि आपल्याला कळलंसुद्धा नाही.

पण माउली, सगळं संपलेलं नाही, म्हणूनच मी आज बोलायला उभा आहे. आपल्याच रायगड जिल्ह्यात, म्हसळा तालुक्यात, चिरगाव नावाचं गाव आहे. तिथल्या उंच झाडांवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी राहिली. महाडचे प्रेमसागर मेस्त्री आणि त्यांची सीस्केप ही संस्था, वनविभाग आणि गावकरी, यांनी मिळून ती सांभाळली. काम काय केलं? ऐकायला अगदी साधं आहे. घरट्यांच्या झाडांना कुऱ्हाड लावायची नाही. आसपास कुठे ढोर मेलं तर कळवायचं आणि ते गिधाडांसाठी ठरलेल्या जागी नेऊन टाकायचं. कारण कोकणात शेती कमी झाली, दावणी रिकाम्या झाल्या, आणि औषधातून वाचलेली गिधाडं आता उपासमारीने मरू लागली होती. पिल्लू घरट्यातून खाली पडलं तर त्याला उचलून जगवायचं. गावोगाव, शाळाशाळांतून जाऊन सांगायचं, की हा पक्षी अमंगळ नाही.

मेलेलं ढोर उचलायचं, त्याचा वास सोसायचा, ही कामं कोणाला आवडतात? पूर्वी आपल्या समाजाने ही कामं काही लोकांवर लादली आणि वर त्यांनाच शिवायचं नाही असं ठरवलं. त्याच समाजात संत चोखोबा झाले, हे वारकऱ्याने विसरू नये. आज सगळ्या जातींची पोरं आपखुशीने ते काम करतात तेव्हा नुसता पक्षी वाचत नाही. जुना एक डाग थोडा पुसला जातो.

गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते. नर-मादी दोघं मिळून ते उबवतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्लू बाहेर येतं, पुढे तीन महिने आणि वर घरट्यात राहतं, आणि स्वतः आईबाप व्हायला त्याला पाच वर्षं लागतात. एवढा सावकाश वाढणारा संसार! ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, श्रीवर्धन-म्हसळ्याच्या बागा आडव्या झाल्या, तशी चिरगावच्या भागातली उंच झाडंही पडली. वर्षांची मेहनत एका दुपारी गेली. तरी काम करणारे घरी बसले नाहीत. नारळ-सुपारी पडलेला बागाईतदार जसा पुन्हा खड्डा खणतो, तसे तेही पुन्हा लागले.

अशीच गोष्ट रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातल्या वेळासची. तिथे समुद्रकासवं अंडी घालायला येत आणि लोक ती अंडी काढून नेत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, अंडी राखायला सुरुवात केली. गावातलीच माणसं रात्री-पहाटे किनाऱ्यावर फिरून अंडी गोळा करून राखीव जागेत पुरतात आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं समुद्रात सोडतात. पुढे ते बघायला पाहुणे येऊ लागले, ते घराघरांत राहतात, जेवतात, आणि त्यातून गावातल्या बायांच्या हाती चार पैसे येतात. सेवेतून प्रपंचाला हातभार लागला तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तिसरं उदाहरण लांबचं आहे, पण विनोबांच्या गावात ते सांगितलंच पाहिजे. गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा-लेखा. गोंड आदिवासींचं छोटं गाव. देवाजी तोफा आणि गावकरी वर्षानुवर्षं एकत्र बसून रानाचा अभ्यास करत आले. निर्णय बहुमताने नाही, सर्वांच्या संमतीने. एक जण जरी नाही म्हणाला तरी थांबायचं, पुन्हा बोलायचं. वनहक्क कायद्याखाली २००९ साली त्यांना सुमारे १८०० हेक्टर रानाचा सामूहिक हक्क मिळाला. आणि पुढे याच गावाने आपल्या शेतजमिनींचं ग्रामदान करायचा ठराव केला. गागोद्यात जन्मलेल्या माणसाचा विचार गडचिरोलीच्या रानात उगवला. बी कुठलं, रोप कुठलं!

आता आपल्याकडे येऊ. इथे दोनतीन शंका मनात येतील, त्या मीच बोलून टाकतो.

पहिली शंका. गिधाडं म्हसळ्याला, आपण पेण तालुक्यात, आपला काय संबंध? संबंध असा, की पेणहून म्हसळा रस्त्याने लांब असेल, पण पाखराच्या वाटेने सत्तर किलोमीटरच्या आत आहे. गिधाड पंख न हलवता एका दिवसात शंभर किलोमीटरचा फेरा मारतं. म्हणजे इथल्या गोठ्यात कोणतं इंजेक्शन पडतं, यावर तिथलं पिल्लू जगणार की मरणार हे ठरतं. दरी राखायची ती डोंगरातच नाही, गोठ्यातही राखायची आहे. जनावराच्या डॉक्टरला एवढंच विचारायचं, "दादा, हे गिधाडाला चालणारं औषध आहे ना?" माणसांसाठीचं डायक्लोफिनॅक दुकानातून आणून बैलाला टोचायचं नाही.

दुसरी शंका. रान राखलं तर रानडुकरं वाढतील, भात खातील. शंका रास्त आहे. ज्याचं शेत रात्रीत उकरलं जातं त्याला भूतदयेचं प्रवचन देऊ नये. डुकराने नुकसान केलं तर वनविभागाकडून भरपाई मिळते. त्यासाठी उशीर न करता अर्ज आणि पंचनामा करावा लागतो. दिंडीतल्या शिकलेल्या पोरांनी गरीब शेतकऱ्याचा तो अर्ज भरून दिला, तर तीही सेवाच आहे. आणि शेतकऱ्याचा विश्वास बसल्याशिवाय कोणतंही रान राहत नाही, हे पक्कं समजा.

तिसरी शंका. डोंगर सरकारचा, आपण कोण? कायदा सांगतो की आपणही कोणी तरी आहोत. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला रान राखायचा अधिकार दिला. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत एक समिती आणि गावातल्या झाडा-पाखरांची नोंदवही असावी, असं सांगितलं. या तालुक्याला आपलं म्हणणं मांडता येतं, हे वेगळं सांगायला नको. जमिनी जाणार म्हटल्यावर २१ सप्टेंबर २००८ ला पेण तालुक्यातल्या २२ गावांनी जनमत दिलं होतं. जमिनीसाठी जमलेली गावं रानासाठीही जमू शकतात. ठाकूर, कातकरी वाड्यांना मात्र यात आधी बोलवा. त्यांना सांगायला नाही, त्यांच्याकडून शिकायला. कुठल्या घळीत पाणी मे महिन्यात टिकतं, शेवळं कुठे उगवतात, मध कसा काढायचा, हे त्यांना माहीत आहे. आणि त्यांची चूल त्या रानावर आहे, तेव्हा त्यांना वगळून केलेला नियम म्हणजे गरिबाच्या पोटावर पाय.

मग करायचं काय? मी मोठं काही मागत नाही. दिंडीकडे जे आधीच आहे तेवढंच मागतो.

आपलं पंचांग पाहा. गिधाडं घरटी धरतात ती कार्तिकीच्या सुमारास, आणि पिल्लं उडून जातात ती आषाढीच्या आत. वणव्यांचे दिवसही त्याच मधल्या काळातले, शिमग्याच्या आगेमागे. म्हणजे कार्तिकी ते आषाढी हा दरीचा बाळंतपणाचा काळ आहे. घरात बाळंतीण असली की आपण मोठ्याने बोलत नाही, दार आपटत नाही. तसं गावाने ठरवावं, की डोंगराचा सहावा हिस्सा, ज्यात घळ आहे, पाणी आहे, जुनी झाडं आहेत, तो कार्तिकी ते आषाढी मोकळा सोडायचा. तिथे कोयता नाही, बंदूक नाही, फासा नाही, आग नाही, आणि वाढदिवसाची पार्टीही नाही. उरलेल्या पाच हिश्शांत ज्याचं जे चालतं ते रीतीने चालू द्या.

वणव्याचं जरा जास्त बोलतो, कारण सगळ्यात मोठा घात तोच करतो. लोक म्हणतात, डोंगर जाळला की गवत चांगलं येतं. पहिल्या पावसात हिरवं दिसतं खरं. पण झाडोऱ्याची रोपं जळतात, जमिनीवर अंडी घालणारी पाखरं जळतात, सरडे, कासवं, घोरपडी जळतात, आणि उघडी पडलेली माती पावसात वाहून जाते. मग झरा आटतो आणि आपल्याच बायकांना हंडा घेऊन लांब जावं लागतं. पुष्कळ वणवे कोणी मुद्दाम लावत नाही. दाढ भाजताना राबाची ठिणगी उडते, कोणी विडी टाकतो, कोणी मधासाठी धूर करून तसाच निघून जातो. दाढ भाजायची तर वारा पडल्यावर, चार जणांनी, पाण्याचा हंडा आणि हिरवे टाहाळे हाताशी ठेवून भाजावी. जमेल त्याने गादीवाफ्यावर रोपं करावी, म्हणजे भाजायचीही गरज नाही आणि त्यासाठी ऐन-किंजळ छाटायचीही नाही. राखीव हिश्शाभोवती माघातच गवत काढून जाळरेषा करावी.

आणि पहारा. वीण्याचा पहारा सात दिवस चोवीस तास लावायची ज्यांना सवय आहे, त्यांना फाल्गुन-चैत्रात दुपार-संध्याकाळचा डोंगराचा पहारा जड नाही. प्रत्येक घराच्या वाट्याला मोसमात एकदोन पाळ्या येतील. उंचावर बसायचं, टाळ हातात असू द्या, नाम घ्या, पण डोळे डोंगरावर ठेवा. धूर दिसला की गावात फोन, आणि वनविभागाचा १९२६ हा नंबर आहेच. महिन्याच्या दोन एकादशांना दरीत एक फेरी. वर्षाच्या चोवीस फेऱ्या झाल्या. फेरीत प्लास्टिक उचलायचं, फासे दिसले तर काढून वनरक्षकाला द्यायचे, आणि वहीत लिहायचं: आज काय दिसलं, कुठलं झाड फुललं, पाणी किती आहे. हे लिहायचं काम शाळेतल्या मुलींकडे द्या. त्या चुकवत नाहीत. चातुर्मासात, म्हणजे आषाढी ते कार्तिकी, आपल्याच रानातलं बी लावायचं: ऐन, किंजळ, बहावा, मोह, आवळा, वड, उंबर. बाहेरून आणलेली शोभेची झाडं तिथे लावू नयेत. आपल्या धनेशाला वडाची-उंबराची फळं लागतात.

हे पुण्याचं काम आहे का, असं मला एका आजींनी विचारलं होतं. त्यांना मी म्हटलं, आजी, माउलींनी पसायदान मागितलं ते फक्त माणसांसाठी मागितलं का? नाही. साऱ्या प्राणिमात्रांसाठी मागितलं. आपण रोज ते हात जोडून म्हणतो. जे देवाकडे मागतो, त्यातलं आपल्या हातात असेल तेवढं आपण द्यायला नको का? त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मग माझ्या बैलाचं औषध लिहून दे कागदावर."

उद्या काला आहे. काल्याच्या प्रसादात कोणाची शिदोरी कोणाची हे कळत नाही, आणि मंडपात आलेला कोणी उपाशी जात नाही. उद्या प्रसाद झाल्यावर पुढच्या वर्षीच्या पहाऱ्याची वही उघडेल. पहिल्या पानावर नेहमीसारखी वीण्याची पाळी लिहा. मग पान उलटा आणि दुसऱ्या पानावर दरीची पाळी लिहा. कोणावर सक्ती नको. ज्याला मनापासून वाटेल त्यानेच नाव द्यावं. पहिल्या वर्षी दहा नावं आली तरी पुष्कळ झाली. दिंडीही पहिल्या वर्षी थोड्याच माणसांनी निघाली असेल. फाल्गुनातल्या एका दुपारची पाळी माझ्या नावावर घाला. मी येईन.

रामकृष्ण हरी.